गावच्या जिल्हा परिषद शाळेत लेकरू घालताना

आमच्या गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जुलैला येतो. बाप पोट्ट्याला बखोटीला धरून शाळेत आणायचा, मास्तर अंगकाठी पाहून वर्ष ठरवायचे, आणि तारीख मात्र सगळ्यांना एकच. हसू येतं, पण त्याच तारखेवर कुणाला नोकरी लागली, कुणी निवृत्त झालं, आणि कुणी आज निराधारच्या पगारासाठी त्याच तारखेचा कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढतंय.

शाळेत पहिल्या दिवशी जे लिहिलं जातं ते असं जन्मभर पुरतं. म्हणून हा लेख प्रवेशाच्या कागदांवर जरा जास्तच रेंगाळणार आहे. बाकीचं, म्हणजे डबा, दप्तर, वेळ वगैरे, तुम्ही आठ दिवसांत आपोआप शिकाल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वावर आहे, दोन लेकरं याच शाळेत शिकली, आणि दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत सदस्य होते. बदलीनं आलेली नर्सताई, पुण्याची नोकरी सोडून गावी परतलेलं जोडपं, सालदारकीसाठी दुसऱ्या तालुक्यातून आलेलं कुटुंब, किंवा गावातलेच पण पहिलंच लेकरू शाळेत घालणारे, अशा सगळ्यांना मी हेच सांगत आले. एकदा लिहून काढते.

शाळा कधी सुरू होते, वय किती लागतं

बाहेरून येणाऱ्यांची पहिली चूक तारखेची. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. २०२४ ला तर आमच्याकडे १ जुलै उजाडली होती. पुण्याहून आलेली मंडळी १५ जूनला नवं दप्तर घेऊन फाटकाशी उभी राहतात आणि आत बकऱ्या बसलेल्या दिसतात.

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत लेकराला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. तोपर्यंत अंगणवाडी आहेच. वय लपवून किंवा वाढवून लवकर घालायचा मोह करू नका, शाळेत लिहिलेली तारीख जन्मभर पुरते.

एप्रिलच्या आसपास शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. टेबलं मांडतात, लेकराला रंग ओळखायला, दोरीवरून चालायला, चित्र पाहून बोलायला लावतात. ही परीक्षा नव्हे. प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापाची चाचणी घेणं कायद्यानंच बंद आहे, तसंच देणगीही. आमच्या शेजारणीनं त्या मेळाव्यासाठी पोराकडून शंभरपर्यंत अंक घोटून घेतले होते. पोरगं टेबलापाशी गेलं आणि रडायला लागलं. मॅडमनी त्याच्या हातात चेंडू दिला, झालं.

वर्षाच्या मधे आलात तरी प्रवेश मिळतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला ‘आता मुदत गेली’ म्हणून परत पाठवता येत नाही. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि राहिलेला अभ्यास वेगळा वेळ देऊन भरून काढायचा, अशी तरतूद आहे. नऊ वर्षांच्या पोरीला पहिलीच्या पोरांत बसवायची गरज नाही.

कोणते कागद घेऊन जायचे

जन्माचा दाखला, लेकराचं आधार, आईबापाचं आधार, दोन फोटो, असेल तर जातीचा दाखला, आणि दुसऱ्या शाळेतून आला असाल तर तिथला शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे टीसीच म्हणतात. बँकेचं पासबुकही पिशवीत राहू द्या, शिष्यवृत्तीच्या वेळी लागतंच.

यातलं काही नसेल तर? तरीही जा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा नर्सबाईच्या रजिस्टरची नोंद, अंगणवाडीची नोंद, नाहीच तर आईबापाचं लेखी प्रतिज्ञापत्र वयाचा पुरावा म्हणून चालतं. टीसी यायला उशीर झाला म्हणूनही लेकराला बाहेर उभं ठेवता येत नाही. जुन्या शाळेनं टीसी अडवून धरली तर तिथल्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. हे त्यांना माहीत असतं, तुम्हालाही माहीत आहे एवढं त्यांना कळलं तरी काम होतं.

जन्माचा दाखला मात्र नंतर का होईना काढाच. ज्या गावात किंवा शहरात जन्म झाला तिथेच नोंद असते. बाळंतपण माहेरी झालेलं असतं आणि दाखला सासरच्या ग्रामपंचायतीत शोधत बसतात, हे दरवर्षीचं आहे.

टीसीबरोबर जुन्या शाळेतून आणखी एक गोष्ट मागून घ्या: लेकराचा पेन क्रमांक. हा यू-डायसच्या, म्हणजे सरकारच्या शाळांच्या नोंदींच्या, संगणकातला कायमचा नंबर. जुन्या शाळेनं आपल्याकडून मुलाला ‘सोडलं’ की त्याचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये जातं आणि नवी शाळा तिथून ते उचलते. जुन्या शाळेनं हे केलंच नाही तर पोरगं इथे वर्गात बसलेलं आणि संगणकात मात्र अजून तिकडेच, असा घोळ होतो. कागदी टीसी आणल्यानं हे काम आपोआप होत नाही. म्हणून दोन आठवड्यांनी सरांना विचारा, ‘नाव ऑनलाइन आलं का?’

दाखल खारीज: इथे घाई करू नका

शाळेच्या लोखंडी कपाटात एक जाडजूड रजिस्टर असतं. इकडे त्याला दाखल खारीज म्हणतात. प्रवेश घेतलेल्या प्रत्येक लेकराला त्यात एक ओळ. अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, कुठल्या वर्गात आला, कधी सोडली, का सोडली.

समितीत असताना एकदा गावातल्या एका मुलाला जात पडताळणीसाठी पणजोबांचा पुरावा हवा होता. सरांनी कपाट उघडलं, लाल कापडात बांधलेला गठ्ठा काढला, धूळ झटकली. पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर आरशासारखं स्वच्छ. तासाभरानं ओळ सापडली. नाव होतं, जात होती, तारीख होती. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं: ‘गुरे राखण्यास’. त्या पोराचा आजा बाजूलाच बसला होता. तो त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘बापाचं नाव पयल्यांदाच लिवलेलं पायलं.’

त्या एका ओळीवर पोराचं काम झालं. जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदीला फार किंमत आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधी आपलं घराणं इथलं होतं हे दाखवावं लागतं. खेड्यात त्या काळचा कागद म्हणजे शाळेची नोंद, कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) किंवा सातबारा. वाडवडील याच गावात शिकले असतील तर आपल्या लेकराच्या प्रवेशाच्या निमित्तानं त्यांच्या नोंदीचा उताराही लेखी अर्ज देऊन मागून ठेवा. वाळवी थांबत नाही.

आता तुमच्या लेकराची ओळ. ती लिहिली जात असताना समोर बसा. सर घाईत असले तर ‘उद्या येते’ म्हणा, पण तोंडी सांगून निघून जाऊ नका. चार गोष्टी पाहा.

आडनाव. आमच्याकडे वानखडेही आहेत आणि वानखेडेही, आणि एका मात्रेनं माणूस बदलतो. माझ्याच घरी हे झालं. मोठ्याच्या वेळी मी सोयाबीनच्या पेरणीत होते, सासरे जाऊन नाव घालून आले. आधारवर एक आडनाव, शाळेत दुसरं. तिसरीत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना ते कळलं. त्यानंतरचं एक वर्ष अर्ज, प्रतिज्ञापत्र, पंचायत समिती, ‘साहेब मीटिंगला गेले’, ‘मंगळवारी या’ यात गेलं. जन्माचा दाखला, आधार आणि दाखल खारीज, तिन्हीकडे काना-मात्रा-वेलांटीसकट एकच नाव हवं. मराठीतही आणि इंग्रजी स्पेलिंगमध्येही.

जन्मतारीख. अक्षरी लिहिलेली वाचून पाहा, अंकापेक्षा तिलाच जास्त मान असतो.

जात. घरात बोलताना आपण जे म्हणतो ते आणि कागदावरचं वेगळं असू शकतं. बापाच्या किंवा आजाच्या टीसीवर जशी लिहिली आहे तशीच लिहायला सांगा, आणि ती टीसी सोबतच न्या. सांगायचं नसेल तर तसंही चालतं, पण सवलती हव्या असतील तर नंतर रकाना भरून घेणं अवघड जातं.

आईचं नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. ती पिढी शाळेत यायला अजून वेळ आहे. आता येणाऱ्यांसाठी आईच्या नावाचा वेगळा रकाना असतो, तो रिकामा सोडू देऊ नका.

चूक राहिलीच तर लेकरू शाळेत आहे तोवर दुरुस्त करून घ्या. मुख्याध्यापकांकडे पुराव्यांसह अर्ज द्यायचा, ते वर प्रस्ताव पाठवतात, मंजुरी आली की रजिस्टरमध्ये लाल शाईनं दुरुस्ती होते. सर स्वतःच्या अधिकारात खाडाखोड करू शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. टीसी हातात पडल्यावर मात्र हेच काम दहापट कठीण होतं.

आधारसाठी सर इतके मागे का लागतात

नव्या पालकांना वाटतं, शिकवायचं सोडून हे सतत आधार-आधार काय करतात. कारण असं आहे: शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांच्या पदांच्या सरकारी मंजुरीत, ठरतं, आणि तिथे ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात. ज्या मुलाचं आधार जुळत नाही ते मोजताना अडचण येते. कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. साठच्या काठावर असलेल्या शाळेत दोन-चार पोरांच्या आधारवरून तिसऱ्या मास्तरची जागा राहते किंवा जाते. म्हणजे तुमच्या घरातल्या न जुळणाऱ्या कार्डाची झळ गावातल्या सगळ्याच पोरांना.

बाळपणी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं झाली की ठसे आणि फोटो देऊन ते अद्ययावत करावं लागतं. हे पहिलीच्या आधीच्या उन्हाळ्यात उरकून घ्या. तालुक्याच्या केंद्रावर सकाळी नऊच्या आत पोचा, दुपारी नेट गेलेलं असतं.

हल्ली ‘अपार’ नावाचा, विद्यार्थ्याच्या ओळखीचा १२ अंकी क्रमांकही काढतात. त्यासाठी पालकाची संमती लागते, म्हणून सहीसाठी एक कागद घरी येतो. वाचून सही करा.

रोजचा दिवस

आमच्याकडे शाळा साधारण साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. मार्चपासून ऊन तापलं की रोजच सकाळची होते. नेमकी वेळ आपापल्या शाळेत विचारा. परिपाठाला वेळेवर पाठवा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, आणि विदर्भातल्या बऱ्याच शाळांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची प्रार्थना. नवं लेकरू पहिल्यांदा सगळ्यांसमोर तोंड उघडतं ते परिपाठातच.

पैसे लागत नाहीत. पाठ्यपुस्तकं बालभारतीची, पहिल्या दिवशी फुकट. पाटी, वह्या आणि पेन्सिल आपली. वर्षाला दोन गणवेशही शाळेकडून मिळतात. पूर्वी सगळ्या मुली आणि काही ठरावीक मुलांनाच मिळायचे, २०२३-२४ पासून सगळ्यांना. कापड राज्यातून एकाच ठिकाणाहून द्यायचा प्रयोग २०२४-२५ मध्ये झाला, पुढे तो मागे घेऊन काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. माप देताना एक बोट मोठंच द्या. गणवेश यायला उशीर झाला म्हणून कुणी लेकराला घरी पाठवत नाही, तेव्हा तुम्हीही ‘डिरेस नाही’ म्हणून घरी ठेवू नका.

दुपारी शाळेत जेवण असतं. सगळे त्याला खिचडीच म्हणतात, मग ताटात वरण-भात असो की मटकीची उसळ. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. वाढण्याआधी कुणीतरी मोठ्यानं चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये लिहायचं, असा नियम आहे. पालकालाही ही चव घेता येते. समितीत असताना मी महिन्यातून एकदा न सांगता जायची. आधी स्वयंपाकीण बाई बिचकायची, मग स्वतःच म्हणायला लागली, ‘ताई, आज मीठ पाहा बरं.’ ताट शाळेचं की घरून न्यायचं, तेवढं विचारून घ्या. लेकराला काही खाऊन त्रास होत असेल, पुरळ येत असेल, तर तो कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं दोन दिवसांत विसरतं.

एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण अजूनही विचारणारे विचारतात. पंगत एकच असते. ‘आमच्याले जरा बाजूले बसवा’ ही विनंती कुठल्याही सरांनी मान्य करायची नाही आणि कुठल्याही पालकानं करायची नाही.

भाषेचंही एक. शहरातून आलेल्या एका आईनं तक्रार केली की आठ दिवसांत मुलगी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणायला लागली. ते होणारच. उलट मेळघाटात कोरकू बोलणारी, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारी, आमच्याकडे कोलामी आणि बंजारा बोलणारी लेकरं शाळेतली पुस्तकी मराठी ऐकून पहिले काही महिने गप्प बसतात. तुमच्या घरची बोली वेगळी असेल तर मॅडमना चार-पाच शब्द सांगून ठेवा: पाणी, लघवी, पोट दुखतं, घरी जायचं. पहिलीच्या वर्गात एवढ्यावर बरंच भागतं.

येत नसेल तर, आणि हंगामाचं काय

एखाद-दोन दिवस येणार नसेल तर सकाळी दहाच्या आत सरांना फोन किंवा निरोप. शाळा भरल्यावर फोन करू नका. दोन शिक्षक आणि चार वर्ग असतात, एका वेळी एक मास्तर दोन वर्गांना पाहत असतो. व्हॉट्सॲप गटावर फुलांची चित्रं टाकू नका, सुट्टीचा निरोप त्याखाली गाडला जातो.

खरा प्रश्न हंगामाचा आहे. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी थेट संक्रांतीपर्यंत, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, दहा वर्षांचं पोरगंही दिवसाकाठी काही किलो वेचतं, आणि पोटाला चिमटा असला की बापाला ते किलो दिसतात. मी उपदेश करणार नाही, माझ्याही वावरात पोरं आलेली आहेत आणि मी त्यांना परत पाठवताना त्यांच्या आयांची तोंडं पाहिली आहेत. फक्त व्यवहार सांगते. रविवारी आणि शनिवारी दुपारी पोरगं वावरात आलं तर शाळेचं काही बुडत नाही. सलग ३० दिवस गैरहजर राहिलं तर ते शाळाबाह्य धरलं जातं, शोधमोहीम होते, घरी माणसं येतात. नाव मात्र कटत नाही. आठवीपर्यंत शाळा कुणालाही काढून टाकू शकत नाही, तेव्हा ‘आता काय तोंड घेऊन जायचं’ असं वाटून आणखी महिना घालवू नका.

मोठ्या पोरी गैरहजर राहतात त्या बहुतेक धाकट्याला सांभाळायला. धाकटा अंगणवाडीच्या वयाचा असेल तर त्याचं नाव तिथे घाला, दोन्ही लेकरांची सोय एका फेरीत होते.

पूर्ण कुटुंबच बाहेर जाणार असेल, वीटभट्टीवर, ऊसतोडीला, किंवा चंद्रपूर-गडचिरोलीकडून जातात तसं तेलंगणात मिरची तोडायला, तर निघायच्या आधी दोन रस्ते आहेत. लेकराला आजा-आजीकडे किंवा नातेवाइकांकडे ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आपल्या गावात होईल का ते विचारा. ती स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठीच असते आणि समितीमार्फत चालते, पण मागणी आधी पोचावी लागते. दिवाळीनंतर विचारून उपयोग नाही. लेकराला सोबतच न्यायचं असेल तर शिक्षण हमी कार्ड मागा. राज्यात जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवून लेकराला बसवता येतं, आणि परत आल्यावर इथली जागा तशीच असते. टीसी काढायची गरज नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात. घर नाल्यापलीकडच्या वस्तीत, पोडात किंवा तांड्यात, असेल तर पाणी चढलेल्या दिवशी पाठवू नका, आणि लेकरू शाळेत असताना पाणी चढलं तर मोठं माणूस न्यायला येईपर्यंत सोडू नका, असं सरांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. सकाळी बूट झटकून घालायची सवय लावा. विंचवाला बूट फार आवडतो.

तब्येत

आरोग्य विभागाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येऊन सगळ्यांची तपासणी करते. त्या दिवशी लेकराला मुद्दाम पाठवा, आणि काही निघालं तर दिलेली चिठ्ठी घेऊन खरोखर दवाखान्यात जा. जंताची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये असते, उपाशीपोटी पाठवू नका. लोहाची गुलाबी गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर. शौच काळी झाली म्हणून घाबरू नका, त्या गोळीनं होते.

विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, पुष्कळ आहे. लेकराची तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. लेकरू एसएस, म्हणजे हा आजार असलेलं, निघालं असेल तर ते वर्गशिक्षकांना सांगाच, लाज धरू नका. अशा मुलाला पाणी भरपूर लागतं, उन्हात पळवायचं नसतं, थंडीत भिजू द्यायचं नसतं, आणि हातपाय दुखतात म्हणालं तर ते नाटक नसतं. खेळाच्या तासाला न पळणाऱ्या पोराला ‘आळशी’ म्हटलं जातं ते मास्तरला माहीत नसतं म्हणून.

सभा, समिती आणि तक्रार

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव. निवड पालकसभेत होते, दोन वर्षांसाठी. बैठक दर महिन्याला व्हावी लागते. कागदावर आम्हा बायांची संख्या बरोबर असते, पण बैठकीला नवराच येऊन सही करतो, हे अनेक गावांतलं चित्र आहे. बाई, तुमचं नाव असेल तर तुम्ही जा. पहिल्या बैठकीत काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मी फक्त एकच विचारलं, ‘संडासात पाणी काहून येत नाही?’ पुढच्या महिन्यात टाकी बसली.

मारणं आणि लेकराला अपमानकारक बोलणं, दोन्ही कायद्यानं बंद आहेत. घरून ‘सर, हाड आमचं, चामडं तुमचं’ असं सांगून पाठवायचे दिवस गेले. काही खटकलं तर आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग समिती. तिथे नाही मिटलं तर केंद्रप्रमुख, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, शेवटी जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, प्राथमिक. अर्ज नेहमी दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेऊन ती घरी ठेवा. इकडे तिला ओसी म्हणतात. ओसी नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला. मुलीच्या अंगाला हात लावण्यासारखी गंभीर गोष्ट असेल तर ही शिडी चढत बसू नका, सरळ पोलीस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

गावच्या चौकात, पानटपरीवर शाळेची तक्रार करू नका. तिथून ती शाळेत पोचते तेव्हा भलतीच होऊन पोचते.

सवलतींचं एवढंच: दरवर्षी जुलैत मुख्याध्यापकांना विचारा की आपल्या लेकराला काय लागू होतं. काही फार लहान आहेत. पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांतल्या मुलींना १९९२ पासून हजेरीच्या दिवसाला १ रुपया मिळतो, तो अजूनही १ रुपयाच आहे. काही मोठ्या उपयोगाच्या आहेत, जसं पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास. पाचवीपासून शेजारच्या गावी जायचं असेल तर तो पहिल्याच आठवड्यात काढा.

परीक्षा, निकाल, आणि शाळा सोडताना

दिवाळीच्या आधी एक संकलित मूल्यमापन, एप्रिलमध्ये दुसरं. निकाल १ मे रोजी, झेंडावंदनानंतर. पहिली ते चौथीत नापास करत नाहीत. पाचवीला मात्र आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा, आणि त्यातही राहिलं तर पुन्हा पाचवीतच. शहाणे पालक चौथीच्या दिवाळीपासूनच वाचन-वजाबाकीकडे बघायला लागतात. नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा पाचवीत असताना द्यायची असते आणि फॉर्म भरताना मुख्याध्यापकांची सही लागते. तुमच्या मनात असेल तर चौथीच्या निकालादिवशीच सांगा.

बऱ्याच गावांत शाळा चौथीपर्यंतच असते. टीसी घ्यायला जाल तेव्हा तिथेच ओट्यावर बसून ती पूर्ण वाचा: नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, तारीख अंकी आणि अक्षरी. दाखल खारीजशी पडताळून मागा. चूक सापडली तर त्याच वेळी परत द्या, सही करून घरी आणून मग नाही. मूळ टीसी एकदाच मिळते, हरवली तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि फेऱ्या. नव्या शाळेत मूळ प्रत जमा होते, म्हणून आधी पाच-सहा झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो घ्या. पत्र्याच्या पेटीत ठेवायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. लॅमिनेशन करू नका, पुढे कुणाला त्यावर शिक्का मारायचा झाला तर मारता येत नाही.